पाच वर्षं म्हणाले होते

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कुणाविषयी लिहावं एवढा माझा अधिकार नाही. चुकलं तर माफ करा. पण गप्प बसवत नाही.

टेबलावर तळहात आपटून "पाच वर्षं म्हणाले होते, पाच!" असं ओरडणारे काका नाशिकरोडला तुम्हीही पाहिले असतील. संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान, पूर्वी तिथंच त्यांचा सायबर कॅफे होता. त्या काळातली इंग्रजी मासिकं अजून माळ्यावर होती. पाच वर्षांत माणसं डोळ्यांना चष्मा लावून इंटरनेटच्या आत चालत फिरतील, असं त्यांत छापलेलं. गिऱ्हाईक हसलं की काका भडकायचे.

"हसतोस काय? मी खरं मानलं ना! आईला शब्द देऊन बसलो!"

त्यांच्या आईचं गाव धरणात गेलेलं. काकांनी ते संगणकावर पुन्हा बांधलं, एकेक घर, एकेक झाड. आई मागे बसून चुका काढायची, "चिंच नाय रं तिथं, कडुलिंब व्हता." माउस हलवला की गल्लीतून पुढं जाता यायचं. चष्मा काही आला नाही. उलट ते गाव उघडणारा प्रोग्रॅमच कंपनीनं बंद केला.

"एकदा धरणानं बुडवलं, दुसऱ्यांदा यांनी," काका म्हणायचे.

मी सुट्टीत त्यांच्याकडे काम शिकायला जायचो. आमच्या कॉलेजात व्हीआर चष्मा आला, तेव्हा खटपट करून मी ती जुनी फाइल नव्या प्रकारात आणली. रंग उडाले, पण घरं उभी राहिली. काकांनी पडद्यावर एकेक घर बोटानं मोजलं. मग लगेच म्हणाले, "आईला फोटो नाही दाखवायचा, इंजिनिअर. तिला दारातून आत न्यायचंय."

चष्मा विभागप्रमुखांच्या कपाटात, उद्घाटनाचा फोटो निघाल्यापासून कुलपात. मी एका दिवसासाठी मागितला.

"तपासणी समिती येईपर्यंत हात लावायचा नाही. आणि म्हाताऱ्या बायकांच्या डोक्याला तेल असतं."

सर, माझ्या आईच्याही डोक्याला तेल असतं. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

काकांना हे सांगितलं. वाटलं, आता टेबल फुटणार. ते हळूच म्हणाले, "सांग त्यांना, केस मी स्वतः धुऊन ठेवतो."

समितीसाठी आम्हा पोरांकडून लॅबच्या खिडक्या पुसून घेतल्या. दोन आठवडे दुकानाकडं फिरकता आलं नाही. समिती आली, चष्मा लावून हसली, जेवून गेली. मग सरांनी सही घेऊन तो मला दिला. डबा पोटाशी धरून मी नाशिकरोड गाठलं. शटर बंद. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला.

"अरे, होतास कुठं? म्हातारी गेली ना. आज दहावा, काका रामकुंडावर गेलेत." त्याची नजर डब्याकडं गेली. "तुझ्यासाठी निरोप ठेवलाय. तुमच्या सरांना सांगायचं, आईचे केस धुतलेले होते."