तंबूतली रेती
माळ्यावरून तंबूची पिशवी ओढली आणि मूठभर रेती फरशीवर सांडली. ती कोकणातली नाही, हे मला बघताक्षणी कळलं. कोकणात समुद्रकाठी तंबू ठोकला, तर पोलिसांनी परवानगी विचारून तासाभरात उठवलं होतं. चिडून मी नवऱ्याला म्हटलं, चल माझ्या माहेरी सोनाळ्याला, तिकडे पूर्णेच्या पात्रात कुणी विचारत नाही. पुढच्याच उन्हाळ्यात, दिवस मावळताना, तिथल्या कोरड्या रेतीत आम्ही शेवटची खुंटी ठोकत होतो, तोच एक रिकामा ट्रॅक्टर उतारावरून थेट तंबूसमोर येऊन थांबला. इंजिन चालूच, डिझेलचा उग्र वास, आणि ट्रॉलीतून फावडी घेऊन उतरलेले चौघं. आमच्या पाठीमागे नदीचं पाणी. "कोण बे तुमी?" ड्रायव्हर ओरडला. मग मला पाहून आवाज उतरवत म्हणाला, "खरं सांगा ताई, परवानगी काढून आले का?" "हो म्हण, तहसीलदारांची आहे म्हण," नवरा कानाशी कुजबुजला. पण माहेरच्या माणसापुढे खोटं बोलायला जीभ रेटेना. "नाही भाऊ, कोणालेच नाही विचारलं." चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "मंग बसा बिनधास्त. तहसीलचे असते तं पंचाईत होती. परवानगी आमच्याजवळ बी नाही." आणि आमच्या तंबूला वळसा घालून त्यांनी रेती भरायला घेतली. आता फरशीवरची रेती मी केरसुणीनं गोळा करतेय. टाकवत मात्र नाही. तीही विनापरवानाच आणलेली.