ताईंचा टाइमआउट

आमच्या ऑफिसात कोणाचा नवा प्रोग्राम चालला की सगळे टाळ्या वाजवायचे, आणि टाळ्या थांबायच्या आत आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी प्रोग्रामर ताई पुढे येऊन म्हणायच्या, "चालला ते दिसलं. आता थांबवून दाखव."

माझ्या पहिल्याच आठवड्यात हे वाक्य माझ्या वाट्याला आलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याला स्टेशनजवळ दोन खोल्यांचं आमचं ऑफिस, एक मोठा संगणक आणि त्याला तारांनी जोडलेली टर्मिनलं. मी नुकताच पदवीधर झालेला आणि पुरेसा शहाणा. म्हटलं, "थांबवायचं कशाला? चांगला चालतोय की."

ताईंनी वाकून माझ्या टर्मिनलची तार उपटली. माझा पडदा गेलाच, पण बाजूची टर्मिनलंही गोठली. कारण माझा प्रोग्राम त्या तुटलेल्या तारेकडून उत्तर यायची वाट पाहत बसला होता, आणि बसताना सगळ्यांच्या सामायिक फाइलला त्यानं कुलूप घालून ठेवलं होतं. लॉटरी लागावी तशा ताई ओरडल्या, "पाह्य, पाह्य! हा बिचारा आता दिवाळीलोक वाट पाहीन!"

मी चिडायला हवं होतं. पण त्यांचा आनंद इतका खरा होता की मीही हसू लागलो. दुसऱ्याची चूक सापडल्याचा तो आनंद नव्हता. काहीतरी कसं अडकतं हे कळलं, की त्यांना राहवायचंच नाही. टेबलावर थापा मारायच्या, चहा उभ्यानंच प्यायच्या, अर्धा सांडायच्या.

ताई वडनेरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. नागपूरला शिकल्या, पण बोलणं गावचंच ठेवलं. इंग्रजी पुस्तकातली अवघड गोष्ट त्या वऱ्हाडीत सांगायच्या आणि ती सोपी व्हायची. एकदा मी प्रत्येक पायरीला स्वतंत्र टाइमआउट, म्हणजे वाट पाहायची मुदत, दिली होती. म्हणजे टर्मिनलनं मध्यवर्ती प्रोग्रामची अमुक इतका वेळ वाट पाहायची, त्यानं फाइलची तितकाच वेळ, असं. ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, बाबाले एसटी पकडाची हाय. माय मले म्हणते, दहा मिनटात भाजी आन. मी पाच मिनटं वेणी घालते अन् भावाले म्हणते, दहा मिनटात आन. एसटी थांबन का? वरच्यानं दिला त्यातला उरला तेवढाच वेळ खाली द्याचा. नवा वेळ आनाचा कुठून?"

आमच्या मालकांना संगणकाची एकच आज्ञा पाठ होती. अडकलेला प्रोग्राम ठार करायची. ती ते मोठ्या शूरपणे वापरायचे. एका दुपारी त्यांनी तसा एक प्रोग्राम उडवला आणि त्यानं फाइलला घातलेलं कुलूप तसंच राहिलं. कोणालाच आत जाता येईना. ताई मालकांनाही सोडायच्या नाहीत. "तुमी त्याले मारता काऊन? सांगा ना त्याले, की बापू, आता थांब. सांगितलं त हातातलं खाली ठेवून जाईन तो. मारलं त किल्ली खिशात घेऊन मरते." त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक प्रोग्रामला मधूनमधून विचारायची सवय लागली, की मी अजून हवा आहे का? नको असेन, तर आवरून निघतो.

ऑफिसबाहेरही ताई अशाच. एकदा आम्ही दोघं जामच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो. ताई म्हणाल्या, "चहा संपेलोक वाट पाहू. नाई आली त ट्रक." चहा संपला, एसटी आली नाही, मी ट्रकला हात दाखवला. ताई मात्र चहाच्या टपरीवरून मागे थांब्यावर धावल्या. तिथल्या एका म्हातारीनं एसटीत ताईंसाठी शेजारची जागा धरायचं कबूल केलं होतं. तिला "माही जागा धरू नका, मी चालली" असं सांगून मगच त्या ट्रकमध्ये चढल्या. ट्रकवाला वैतागला होता. ताई त्यालाच समजावत होत्या, की आपण निघून गेल्यावर आपल्यासाठी कोणी अडून राहू नये.

आम्ही निघालो होतो कापूस खरेदी केंद्रावर. आमच्या ऑफिसचं ते पहिलं मोठं काम. तोवर तिथे सगळं कागदावर चालायचं. फाटकाशी एक टेबल, कापसाची प्रत ठरवायला दुसरं, वजनकाट्याजवळ तिसरं. एका टेबलावर खोळंबा झाला की मागच्या सगळ्या गाड्या अडायच्या. माणसं रात्री आवारातच बैलगाडीखाली अंग टाकायची. तिन्ही टेबलांवर आम्ही टर्मिनलं बसवली, आणि बाजूच्या एका टेबलावर संगणक आणि चिठ्ठ्या छापायचं यंत्र. आधी चाचणी, ती जमली तर पुढच्या हंगामापासून पूर्ण केंद्र आमच्याकडे. केंद्राच्या व्यवस्थापकांना यंत्राचा भरवसा नव्हता. "अडकलं की उचलून न्यायचं," त्यांनी बजावलं. मालकांनी त्या कामावर ऑफिसच पणाला लावलं होतं. परत यायची वेळ आली असती, तर यायला ऑफिस उरलं नसतं.

सकाळ छान गेली. मग एका बैलगाडीचं चाक काट्याजवळच्या तारेवरून गेलं आणि तिथलं टर्मिनल बंद पडलं. फाटकावरचा कारकून ओरडला, "इथलंबी अडलं!" व्यवस्थापक आमच्याकडे वळले. ताईंनी माझं मनगट घट्ट पकडलं आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

मुदत संपली. मध्यवर्ती प्रोग्रामनं काट्याची वाट पाहणं सोडलं, कुलूप उघडलं. फाटकावरची पुढची गाडी सरकली. "सुटलं रे, सुटलं!" म्हणून ताईंनी अक्षरशः उडी मारली. तार जोडून झाली, काट्यावरच्या कारकुनानं तीच गाडी पुन्हा नोंदवली, आणि रांग चालू लागली.

तेवढ्यात एक शेतकरी छपाईच्या टेबलाकडून दोन कागद घेऊन आला. "बाई, माही गाडी एकच हाय. चिठ्ठ्या दोन काऊन निंगाल्या?"

एकच कापूस दोनदा नोंदला गेला होता. व्यवस्थापकांनी तारांकडे बोट दाखवलं. उचला, असा त्याचा अर्थ. ताईंनी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या, शेजारी शेजारी धरल्या, आणि त्यांचे डोळे चमकू लागले. "अरे देवा! आपन वाट पाहनं थांबवलं, काम कुठं थांबवलं!"

मलाही एकदम उमगलं. तार तुटायच्या आधीच वजन आत पोचलं होतं. मध्यवर्ती प्रोग्राम कंटाळून बाजूला झाला, पण नोंद लिहायला त्यानं ज्या दुसऱ्या प्रोग्रामला बसवलं होतं, त्याला कोणी 'थांब' म्हटलंच नव्हतं. कुलूप उघडलं तसं त्यानं इमानेइतबारे लिहून टाकलं. नंतर कारकुनाची दुसरी नोंद आली, तीही लिहिली गेली.

ताई सरळ व्यवस्थापकांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, चूक आमची हाय. कुठं हाय ते समजलं. जेवनाच्या सुट्टीत नीट करतो. तवरी काटा कागदावर चालवा."

व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिलं. "सुट्टी संपेपर्यंत. नंतर मी ऐकणार नाही."

"हे बोलले तुमी!" ताई खूश झाल्या. मुदत मिळाली, की त्यांना बळच यायचं.

डबे तसेच राहिले. ताई सांगत होत्या, मी टाइप करत होतो. वाट पाहणं सोडताना खालच्याला तसा निरोप द्यायचा. आणि प्रत्येक नोंदीला फाटकावरच क्रमांक द्यायचा, म्हणजे निरोप उशिरा पोचला तरी तीच गाडी पुन्हा आली हे ओळखू येईल. तो शेतकरीही जागचा हलला नाही. बैलांना कडबा टाकून आमच्या पाठीशी उभा राहिला. सुट्टी संपताना व्यवस्थापक आले, तेव्हा ताईंनी त्यांच्या देखत नोंद पाठवली, स्वतः तार उपटली, जोडली, पुन्हा तीच नोंद पाठवली. छपाईयंत्र एकदाच खरखरलं. शेतकऱ्यानं चिठ्ठी ओढून घेतली, उलटून पाहिली, यंत्रामागे वाकून पाहिलं. "एकच हाय," त्यानं जाहीर केलं.

व्यवस्थापक म्हणाले, "उद्या किती वाजता येता?"

त्या उन्हाळ्यात ताईंना पुण्याला नोकरी लागली. मी सोडायला स्टेशनवर गेलो. गाडी हलली तरी दारात उभ्या राहून त्या तिथल्या मोठ्या संगणकाबद्दल सांगत होत्या. शेवटची वाक्यं मला ऐकूच आली नाहीत, नुसते हात दिसत राहिले.

पुढच्या हंगामात पूर्ण केंद्र माझ्या एकट्याच्या भरवशावर होतं. पहिल्याच मोठ्या गर्दीच्या दिवशी संध्याकाळी मी तारघर गाठलं आणि पुण्याला ट्रंक कॉल लावला. लाइनीत खरखर फार होती. मी ओरडूनच सांगितलं, "ताई, अंधार पडायच्या आत आवार रिकामं झालं! एकही गाडी मुक्कामाला नाही!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि रिसीव्हरपासून दूर जात ताई ओरडल्या, "अरे ऐका रे सगळे! आमच्या गाड्या उजेडीच घरी गेल्या!"

कोणीतरी अगदी पुणेरी शांतपणे विचारलं, "कुणाच्या गाड्या, मॅडम?" आणि ताई त्यांना पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, इथपासून सांगू लागल्या. रिसीव्हर तसाच टेबलावर राहिला होता. तो कानाशी धरून मी ऐकत उभा राहिलो.