बेशुद्ध जावई

आमच्या शोध व बचाव पथकाच्या सरावात खरोखर हरवलेला एकमेव स्वयंसेवक मी आहे.

पथकात मी समाजसेवेसाठी गेलो होतो, असं सगळ्यांना सांगतो. खरं कारण नारिंगी जाकीट. माझी मालेगावला भाजीची बागाईत. साडू एसटीत वाहक. सासुरवाडीत त्याच्या खाकीला जो मान, तो माझ्या वांग्यांना नाही. त्यात धोंड्याचा महिना लागलेला. तीन वर्षांनी येणारा हा महिना, त्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात. सासूबाईंचे फोनवर फोन. मी म्हणायचो, "येतो, थोडं काम आहे." मला जेवायला जायचं होतं ते जाकीट घालूनच!

जाकीट मिळणार होतं शेवटचा सराव पार पडल्यावर. तो सराव ठेवला इंझोरीला, म्हणजे नेमका माझ्या सासुरवाडीच्या शिवारात. मी घरी कुणाला बोललो नाही. पथकाचे प्रमुख सलीमभाई, त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मला जखमी माणसाचं काम दिलं. (पळण्यापेक्षा मी पडण्यात बरा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.) पायाला पट्टी बांधली, तिच्यावर लाल रंग ओतला आणि मला नाल्याकाठच्या बाभळीखाली निजवलं.

"भाऊ, आता तुमी बेहोश," सलीमभाई म्हणाले. "बेहोश मानूस बोलत नाई, हालत नाई, अन् खाजवत त अजिबात नाई. आमी उचलू तरी डोये उघडायचे नाई. उघडले का नापास."

"अन् फोन?"

"हरवलेल्या मानसाले कायचा फोन?" असं म्हणून त्यांनी माझा फोन आपल्या खिशात टाकला आणि पथक लांब गेलं, मला शोधत यायला.

वारा गार होता, सावली दाट होती. मी बेशुद्धीचा इतका मनापासून सराव केला की गाढ झोप लागली.

जाग आली ती बाजेवर. चौघं मला उचलून नेत होते. वा! पथकाने शोधलं की! मी डोळे घट्ट मिटून घेतले. नियम म्हणजे नियम. वाटेत कोणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा हुंगवला. मी हूं की चूं केलं नाही. सलीमभाईंची माणसं किती तयारीची आहेत, म्हणून ऊर भरून आला. मग पुरणाचा वास आला. पथकाच्या सामानात पुरण नव्हतं.

मी एक डोळा उघडला. समोर सासूबाई, बाजूला मेव्हणा संजू, आणि अंगणात अर्धं इंझोरी.

"जखम त कुठीच नाई," पट्टी सोडून पाय चोळता चोळता सासूबाई म्हणत होत्या. "संजूले नाल्याकाठी पडलेले दिसले म्हनून बरं. उपाशीपोटी चक्कर आली असन. धोंडे खायाले एवढ्या दुरून निंगाले बिचारे."

"मामी, ही परीक्षा आहे," मी उठून बसलो. "मला परत नाल्यावर नेऊन टाका."

"जावयाले नाल्यावर टाकू? धोंड्याच्या महिन्यात?" त्या पदर खोचत म्हणाल्या. "लोक शेन घालतीन आमच्या तोंडात. संजू, पाट मांड."

संजूने पाट मांडला. पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं, टोपी-दुपट्टा दिला. अशा वेळी पानावरून उठणं म्हणजे सासुरवाडीशी जन्माचं वैर. मी म्हटलं, एकच धोंडा खातो आणि पळतो. पण एकावर जावई उठत नसतो.

तिकडे पथक बाभळीखाली पोचलं. तिथे माझी एकच चप्पल होती, आणि शेजारी नाला भरून वाहत होता. आता सराव कसला! सलीमभाई कंबरभर पाण्यात उतरले. दोर टाकले, बांबूने तळ ढवळला. शेवटी त्यांनी माझ्या बायकोला फोन केला. शोभाने रडत आईला लावला.

"मा, हे नाल्यात वाहून गेले वो!"

"कोन? जावईबापू?" सासूबाईंनी तुपाची वाटी माझ्या पानात उलटी केली. "ते त तिसऱ्यांदा पुरन घेऊन राह्यले."

पलीकडे रडणं एकदम थांबलं. त्या शांततेची मला नाल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

थोड्या वेळाने सलीमभाई चिखलाने माखलेले अंगणात आले. मी टोपी-दुपट्ट्यात, ओठांवर तूप. आधी त्यांनी माझा खांदा धरून दाबला, मी खरा आहे ना ते पाहायला. त्यांचे डोळे ओले होते आणि मी हातातला धोंडा पानात परत ठेवला. मग ते सासूबाईंकडे वळले.

"मावशी, मानूस शोधला तुमी, उचलून आनला तुमी, शुद्धीवर आनला तुमी. जाकीट तुमचं."

सासूबाईंनी ते लुगड्यावरच चढवलं. आता त्या ते घालून मुगाच्या वावरात उभ्या राहतात आणि रानडुकरं तिकडे फिरकत नाहीत.

मलाही पथकाने काढलं नाही. दर सरावाला जखमी म्हणून बोलावतात. कोणी विचारलं, पथकात तुमचं काम काय, तर मी छाती फुगवून सांगतो, "सापडणं." तेही अजून नीट जमत नाही.