आप्पांच्या चेहऱ्यावरचे पट्टे

आप्पांनी मेंढरं विकली त्या संध्याकाळी मी तिथंच होते, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर. तरी त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मी फोटो काढत होते.

फोटोंचं वेड मला उशिरा लागलं. शिरूरच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता चाळिशी उलटली, आणि एका स्टुडिओवाल्यानं त्याचा जुना डिजिटल कॅमेरा माझ्या गळ्यात मारला. तेव्हापासून घोडनदीवरचं धुकं, मार्केट यार्डातले कांद्याचे ढीग, एसटीच्या काचेवरचे थेंब, मी काही सोडलं नाही. नवरा विचारायचा, "आज भाजी खायला मिळणार, की तिचा फोटोच बघायचा?" मी लक्ष द्यायची नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की जग लांब जातं, मऊ होतं, स्वप्नात चालल्यासारखं वाटतं. तेवढ्यात कुणी मधे बोललं की माझं डोकं फिरतं.

माहेर दौंडच्या अलीकडं, भीमेकाठच्या वस्तीवर. आप्पांचा निम्मा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आत परतायचं. पुढं पाटाचं पाणी आलं, ऊस आला, शेती भावानं हातात घेतली आणि ते फिरणं थांबलं. आप्पांनी मात्र वीस-पंचवीस मेंढरं ठेवलीच. सकाळी घोंगडी पांघरून नदीकडं निघायचे, दिवस बुडताना यायचे. मग गुडघ्यांनी दगा दिला. एक दिवस जेवताना त्यांनी आपणहूनच भावाला सांगितलं, "गिऱ्हाईक बघ."

दौंडला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, नेमका त्याच दिवशी गिऱ्हाइकाचा टेम्पो आला. भाऊ आईजवळ दवाखान्यात, म्हणून आप्पांजवळ मी. टेम्पोवाला अंगणात बिडी ओढत बसला होता आणि मी कॅमेरा घेऊन बांधावर उभी होते. नदीच्या अंगानं ते आले. मागं सूर्य टेकलेला, मेंढरांच्या खुरांनी उठलेली धूळ सगळी सोन्याची झालेली, प्रत्येक मेंढराच्या पाठीला उजेडाची कड. मधे आप्पा, काळ्या घोंगडीत, काठी खांद्यावर आडवी. इतकं सुंदर होतं ते, की मला भरून आलं. पण माझं सगळं ध्यान सूर्याकडं. तो पांढराफटक उमटू नये म्हणून मी कॅमेऱ्यातला उजेड कमी करत गेले, करत गेले. मग मेंढरं टेम्पोत चढली, अंधार पडला. आप्पांनी हातपाय धुतले आणि भाकरीबरोबर ठेचा मागितला.

दुसऱ्या दिवशी आई काळा चष्मा लावून घरी आली. दोन दिवस आप्पांकडं बघून झाल्यावर चुलीपुढं मला ओढून घेत हळूच म्हणाली, "तुझं आप्पा रडलं का गं?"

"दिसलं नाही मला."

"दिसलं न्हाई म्हंजी? तू हुतीस न्हवं तितं?"

"फोटो काढत होते."

"मंग फोटूत बघ की," आई म्हणाली.

एवढी चौकशी कशाला, म्हणून मी जरा चिडलेच. तेव्हा तिनं सांगितलं. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता, हे मला माहीत होतं. तो कोकणाच्या वाटेवर तापानं गेला, हेही. पण त्या दिवशी आप्पा एक शब्द न बोलता मेंढरं घेऊन पुढं चालत राहिले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "तवा बी डोळ्यात पानी न्हाई. आत कोंडून ठिवत्यात. आन् आता बघ, तीन दिस झालं, बोलत न्हाईत, अर्धी भाकर सारत्यात. ह्या टायमाला बी कोंडलं तर जीव जाईल त्यांचा. रडलं आसलं तर माझा घोर मिटंल."

आप्पा बाहेरच्या खाटेवर होते, आमच्यापासून दहा पावलांवर. पण त्यांना असं काही विचारायचं असतं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. चाऱ्याचं विचारायचं, पावसाचं विचारायचं, एसटी किती वाजता आहे ते विचारायचं.

म्हणून मी लॅपटॉप उघडला. फोटोत आप्पा नुसते काळे, कागदातून कापून काढल्यासारखे. फोटोतला काळोख उजळायची सोय असते. मी तो उजळत नेला. आधी घोंगडीची कड दिसली, मग मुंडासं, मग नाक. जीव अगदी डोळ्यांत आला. आणखी उजळलं, आणि त्यांच्या कपाळापासून छातीपर्यंत आडवे पट्टे उमटले, हिरवट, जांभळट, एकाखाली एक. कॅमेरा चित्र ओळीओळीनं वाचतो आणि प्रत्येक ओळीत त्याची स्वतःची थोडी कुरकुर असते. भरपूर उजेडात ती बुडून जाते. उजेड पोचलाच नाही तिथला काळोख ओढून वर काढला, की चेहऱ्याआधी ती कुरकुरच वर येते. मला हे वाचून माहीत होतं. माझ्या बापाच्या डोळ्यांवरून ते पट्टे जातील, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

आईनं पडद्याला नाक लावलं. "ही कुणाची घोंगडी? ह्यांची तर साधी काळी हाय. ही पट्ट्यांची कुटनं आनली?" आणि माझ्याकडं संशयानं बघून म्हणाली, "दुसराच कुनीतरी मानूस हाय ह्यो." मला हसू आलं. आई चुकली होती, पण फार नाही.

शिरूरला परत निघाले तेव्हा एसटीत अर्धवट झोप लागली. न्हावऱ्याच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस, खिडकीच्या गजांच्या सावल्या माझ्या मांडीवरून सरकत होत्या, आणि त्या गुंगीत आप्पा समोरून येत होते. जवळ येत होते पण पोचत नव्हते. मेंढरं माझ्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी वाहून गेली, त्यांची ऊब पायांना लागली, आणि आप्पांच्या तोंडापुढं तेवढं धूसर. "आप्पा, थांबा," मी म्हणाले. शेजारच्या बाईनं मला हलवलं आणि गाडी शिरूरला आल्याचं सांगितलं.

पुढचे कित्येक दिवस शाळा सुटली की मी तेच करत बसायची. पट्टे पुसायचं एक सॉफ्टवेअर मिळालं. त्यानं पट्टे पुसले आणि त्यांच्याबरोबर डोळेही पुसले; राहिला तो कणकेचा गोळा. गालावर एके ठिकाणी काहीतरी चमकल्यासारखं दिसायचं. ते पाणी, घाम, की कॅमेऱ्याची कुरकुर, काही केल्या कळेना. शेवटी स्टुडिओवाल्याला दाखवलं. "मॅडम, पुढच्या वेळी फ्लॅश मारा," तो म्हणाला. मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही.

संक्रांतीला माहेरी गेले. आप्पा वाळले होते. आईचे डोळे आता चांगले झाले होते, पण बघायचं काय तर हेच. दुपारी ते अंगणात उन्हाला खाटेवर बसलेले, मी पायरीवर लॅपटॉप घेऊन, आई दारात तांदूळ पाखडत. उसाची पानं वाऱ्यानं हळू वाजत होती. मला वाटत होतं, ही दुपार अशीच राहावी आणि कुणीच काही बोलू नये.

"काय हुडकतीस त्यात?" आप्पा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं.

"तुमचं तोंड."

"आन् ह्ये काय हाय?" त्यांनी स्वतःच्या गालावर हात ठेवला.

मी मान वर केली. भर उन्हात ते माझ्यासमोर बसले होते. दाढीचे खुंट वाढलेले, डोळ्यांखालची कातडी सैल झालेली, सगळं स्वच्छ दिसत होतं. मला माझाच राग आला, आणि त्या रागात मी विचारून टाकलं, "मेंढरं गेली त्या दिवशी तुम्ही रडलात का, आप्पा?"

सुपाचा आवाज थांबला.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "टेम्पोवाला हुता. तू हुतीस." मग ते उसाकडं वळले. "पोरगं गेलं तवा रडलो हुतो. महिनाभर रडलो. सकाळी मेंढरांत जायाचो आन् तितं रडायाचो. ती आपली चरत ऱ्हात्यात, काय इचारत न्हाईत." त्यांनी पंज्यानं तोंड पुसलं. "आता कुणाम्होरं रडू?"

आईनं सूप खाली ठेवलं. ती उठली, अंगणात आली आणि त्यांच्या शेजारी खाटेवर बसली. आम्हा पोरांसमोर ती कधी त्यांच्या शेजारी बसलेली मी पाहिली नव्हती.

"मी हाय की," ती म्हणाली.