सगळे सहा नंबरवर

बोलताना अडखळणाऱ्या माणसांना मी मोकळं बोलायला शिकवते. नवरा पाहुण्यांना सांगतो, "हिचं काम लोकांना बोलतं करणं. घरात मात्र कुणाला बोलू देत नाही." पण माणूस कुठल्या अक्षरावर अडणार, हे तो अडायच्या आधीच मला ऐकू येतं, अशी माझी स्वतःबद्दल पक्की समजूत होती.

गुडघे कुरकुरायला लागले तसा मी दवाखाना घरीच आणला. आतल्या खोलीत टेबल, मागे पांढरा पडदा, समोर लॅपटॉप.

माझ्याकडे एक बेकरीवाला यायचा, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर यायचा. भट्टीपाशी हा माणूस राजा, पण गिऱ्हाईक समोर आलं की घशाला कुलूप. त्यामुळे काउंटरवर त्याचा मेहुणा उभा राहायचा आणि कालचा माल आजचा म्हणून खपवायचा. ते याला फार लागायचं. "ताई, मला स्वतः काउंटरवर उभं राहायचंय," एवढं सांगताना पहिल्या दिवशी त्याला घाम फुटला होता. पण माणूस जिद्दी. हळूहळू त्याची वाक्यं सलग यायला लागली.

त्याच सुमारास आमचं वायफाय अधूनमधून रुसायला लागलं. मी कुठेतरी वाचलं, की राउटरचं चॅनल बदलून बघावं. राउटर 'ऑटो'वर होता. यंत्राला काय कळतं, म्हणत मी तो हातानं सहा नंबरवर नेला आणि काय सांगू, चित्र एकदम लख्ख!

आता एवढं ज्ञान पोटात ठेवून झोप कशी लागणार? वरच्या मजल्यावरचे घड्याळजी, खालच्या शिवणकामवाल्या मावशी, समोरचे दाताचे डॉक्टर, सगळ्यांकडे जाऊन मी त्यांचे राउटर सहावर बसवून आले. मावशींनी चहा पाजला. इमारतीचं भलं केल्याच्या आनंदात मी तो दोनदा घेतला.

आणि मग बेकरीवाला बिघडला.

"ताई, आज मी गिऱ्हा... शी... ललो," म्हणायचा आणि तोंड उघडं ठेवून थिजायचा.

"खांदे सैल सोडा. श्वास घ्या. पुन्हा," मी सांगायची.

तोही काळजीनं माझ्याकडे बघत म्हणायचा, "साव... काश, ताई. घाई ना... ही."

मला वाटायचं, बिचारा मी शिकवलेलं स्वतःलाच बजावतोय. अडखळण्याचा हा प्रकार कुठल्याच पुस्तकात नव्हता. म्हणजे तो मीच शोधून काढला होता! यावर परिषदेत निबंध वाचावा, इथपर्यंत माझी मजल गेली. कुठली साडी नेसायची, तेही ठरलं होतं.

माझी नणंद एका कॉलेजात नेटवर्कचं काम बघते. ती जेवायला आली होती तेव्हा माझा बेकरीवाल्याबरोबरचा तास चालू होता. दारात उभी राहून तिनं थोडा वेळ ऐकलं. तास संपल्यावर म्हणाली, "वहिनी, तो माणूस अडखळत नाहीये. तुझं नेट अडखळतंय."

तिनं मोबाइलवर एक आलेख दाखवला. आजूबाजूच्या राउटरांचे उंचवटे सहा नंबरवर एकमेकांच्या डोक्यावर चढून बसले होते. बाकीची जागा जवळजवळ मोकळी.

"सगळे एकाच ठिकाणी बोलतायत, मग कुणाचं धड पोचणार? कुणी बसवलं गं यांना सहावर?"

"असेल कुणीतरी अतिशहाणं," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि सगळं ओळखलं. "ऑटोवर असलं की राउटर आधी कानोसा घेतो. कुठे गर्दी कमी आहे ते बघतो आणि तिथे जाऊन बसतो. आपण हातानं खिळा ठोकला, की गर्दी झाली तरी तो हलत नाही."

"म्हणजे आधी ऐकतो, मग बोलतो?"

"तरीच तुला पटलं नाही," बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दारोदार. घड्याळजी म्हणाले, "मागच्या वेळी तर ऑटो म्हणजे आळस म्हणाला होतात." मावशी म्हणाल्या, "तरीच! तुम्ही येऊन गेल्यापासून लेकीचं तोंड पडद्यावर वाकडंच दिसत होतं." या वेळी चहा कुणी विचारला नाही. सगळे राउटर ऑटोवर गेले, आणि जो तो आपापली मोकळी जागा धरून बसला.

पुढच्या तासाला बेकरीवाला आला तो घडाघडा बोलतच. गिऱ्हाइकांशी तो गेले काही आठवडे व्यवस्थित बोलत होता. मेहुण्याला त्यानं हिशेबाला बसवलं होतं. कुठे अडलाच, तर क्षणभर थांबून वाक्य पुरं करत होता. माझा निबंध तिथेच बुडाला, पण डोळे भरून आले.

त्याचेही भरले होते. "ताई, आज तुम्ही एकदासुद्धा अडखळला नाहीत!"

"मी?"

"मी कधी बोललो नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. पण तुम्ही इतक्या अडत असूनही रोज शिकवायला बसायचात. ते बघूनच मी काउंटरवर उभा राहिलो."

मी त्याला वायफाय, चॅनल, घड्याळजी, सगळं सविस्तर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"लाजू नका, ताई," तो म्हणाला. "मीसुद्धा आधी असंच काहीतरी सांगायचो."