अण्णा पोचेपर्यंत

किस्से कसे साचतात हे कुणी विचारलं, तर मी आमच्या घरातल्या त्या आठवड्याचं नाव घेईन. तेव्हा ते केराबरोबरच साचत होते.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. थोरली बहीण आक्का पुण्याला सासरी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी आई बिनघोर झाडू घ्यायची. पण त्या वर्षी माझा थोरला भाऊ अण्णा शिकायला लंडनला निघाला. बोटीत जागा मिळेना, म्हणून कराचीहून विमानानं. आता झाडू कधी घ्यायचा?

आप्पा वकील. ते म्हणाले, "दोन दिवस धर." विमान वाटेत बसऱ्याला आणि कैरोला पेट्रोलसाठी उतरतं, हेही त्यांनी सांगून टाकलं. आईनं विचारलं की, उतरतं म्हणजे तितक्या वेळा पुन्हा उडतं ना? त्यावर आप्पांनी चष्मा पुसायला घेतला.

*

वर्गात मला तोंड उघडवत नसे. लंडन किती लांब, हे भूगोलाच्या बाईंना माझ्या वतीनं बाकावरच्या सुमननं विचारलं. बाईंनी पृथ्वीच्या गोलावर कराचीपासून लंडनपर्यंत दोरा ताणला आणि तेवढाच तोडून माझ्या हातात दिला.

आईनं घरी तो वितीला लावून पाहिला. वीतभरही भरला नाही. तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाली, "यातला पाण्यावरचा किती गं?"

तो दोरा तिनं देवापाशी ठेवला.

*

दोन दिवस होऊन गेले, तार नाही. पायाखाली कचकच लागायची. शेजारच्या काकू धीर द्यायला म्हणून रोज यायच्या, शेंगा फोडत बसायच्या आणि टरफलं तिथंच टाकून जायच्या.

सांबरा गावचा आमचा दूधवाला मल्लाप्पा मात्र विमानांतला जाणकार. विमानतळ त्याच्या रानाला लागूनच. तो म्हणाला, "लई वेळ न्हाय लागत, वैनी. म्या रोज बघतोय की. चिलीम पेटस्तोवर दिसंनासं हुतंय."

आई झाडूकडे गेलीसुद्धा. मग तिथूनच परत फिरली. "दिसेनासं होणं म्हणजे पोचणं नव्हे, मल्लाप्पा."

त्या दिवशी त्यानं माप न विचारता अर्धा शेर दूध जास्त घातलं.

*

मग एका दुपारी तारवाल्याची सायकल दाराशी थांबली. आमच्या गल्लीत तार म्हणजे कुणीतरी गेल्याचीच. काकूंचा हात शेंगांवर थांबला. आप्पा कोर्टात, आक्का सासरी. इंग्रजी वाचणारी घरात मी एकटी.

आई भिंतीला टेकून खाली बसली. "वाच," म्हणाली.

मी पाकीट फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. दारात शेजारपाजारचे जमलेले, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि वर्गातल्यासारखंच मला तोंड उघडवेना. काकू रडायच्या बेतात आल्या.

मी तार आईच्या मांडीवर ठेवली, कोपऱ्यात गेले, झाडू उचलला आणि केर काढायला लागले.

टरफलं वाजत होती तेवढीच. मी आईपाशी आले तेव्हा तिनं पाय वर घेतले, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली,

"दारामागचं राहिलं गं."