भाकरी सोडून विळा उचलला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारपणातही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. कदाचित तुम्ही रफिकला ओळखत नाही म्हणून.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. गुंजवण्यात, राजगडाच्या पायथ्याला, पुण्याच्या एका सरांनी कॉलेजच्या मुलामुलींसाठी शिबिराची जागा केली होती. परदेशात पाहिलेला एक खेळ त्यांनी तिथं मांडला. प्लास्टिकची चकती फेकत फेकत न्यायची आणि शेवटी खांबावरच्या साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. कमी फेकींत टाकेल तो जिंकला. मी त्याच गावचा, तिथं शिकवायला होतो. टोपल्या वेल्डिंग करून दिल्या त्या भोरच्या रफिकनं. बसवायला म्हणून आला आणि खेळायलाच राहिला.

चकत्या दोन तऱ्हेच्या. जवळून टोपलीत टाकायची ती मऊ, जाड कडेची, साखळीवर आपटून आतच पडणारी. सर तिला पटर म्हणायचे, आम्ही भाकरी. लांब फेकायची ती कडक, पातळ धारेची — तो विळा. रंग दोन्हींचा पिवळाच. पहिला धडाच हा, की टोपली जवळ आली की विळा खाली ठेवायचा. मग भाकरी निवडायची. अंगठ्यानं कड दाबून बघायची, ओल्या हवेत हातातून सरकत तर नाही ना ते बघायचं. या निवडीत माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

फेकण्यात मात्र रफिक दोन महिन्यांत माझ्या पुढं गेला. आमची भातखाचरं धरणात गेलेली. उरलंय ते तरी माझं, इथं हा भोरचा कोण? — असं मनात. पुढच्या हंगामाला शिकवायला दोघांतला एकच ठेवणार, असं सर म्हणाले, आणि तेव्हापासून त्याचं तोंड दिसलं की ते ठेचावंसं वाटायचं. खोटं कशाला बोलू? परसातल्या केळीच्या खोडावर मी चकत्या मारून बघितल्या होत्या. भाकरी आपटून खाली पडायची. विळा खाच पाडायचा. म्हणजे मला माहीत होतं — आधीपासून माहीत होतं.

त्या दिवशी सकाळपासून भुरभुर होती. मुलांसमोर माझ्या तीन फेकी साखळीला लागून बाहेर पडल्या. रफिक टोपलीपाशी चकत्या गोळा करत होता. हसत म्हणाला, "गड्या, तुजा हात भाकऱ्या थापायलाच बरा हाय." सगळे खिदळले. त्यात वाईट काही नव्हतं. आम्ही एकमेकांना असंच बोलायचो.

मी पिशवीत हात घातला. भाकरी बोटांना लागली — मऊ, ओळखीची. ती सोडली आणि विळा उचलला. पंधरा पावलांवर रफिक वाकलेला होता. तो मान वर करेपर्यंत मी थांबलो. हो, थांबलो. मग होता नव्हता तेवढा जोर लावून तोंडावर मारला.

ओल्या फळीवर काठी बसावी तसा आवाज झाला. तो गुडघ्यांवर आला. डोळ्यावर दाबलेल्या बोटांतून रक्त कोपरापर्यंत ओघळलं, आणि तो गुरासारखा ओरडत राहिला. आणि मला — कसं लिहू? — मला बरं वाटलं. क्षणभर, अगदी पोटातून बरं वाटलं.

सगळे त्याच्याकडं धावले. मीही धावलो, पण आधी चकतीकडं. विळा करवंदीच्या जाळीत खुपसला, त्याच्या जागी भाकरी टाकली आणि मगच रफिकचं डोकं मांडीवर घेतलं. "वली व्हती रं, निसटली," म्हणालो. संशय कुणाला येणार? एवढ्या जवळून विळा कुणी मारतच नाही.

टेम्पोत घालून त्याला भोरला नेलं, तिथून पुण्याला. उजवा डोळा गेला. चार दिवसांनी भेटायला गेलो, तर त्यानं एवढंच विचारलं, "कुठली व्हती रं?"

"भाकरी."

त्यानं डोळ्यावरच्या पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "भाकरीनं डोळा जातो व्हय? मंग माजाच डोळा कच्चा आसंल. वेल्डिंगनं आतून जळला आसंल. तू नगं मनाला लावून घिऊ."

ते त्यानं खरंच मानलं. उरलेला डोळा जपायचा म्हणून वेल्डिंग सोडलं. धाकट्या भावालाही ठिणगीजवळ फिरकू दिलं नाही. त्याला हाती आलेलं काम सोडायला लावलं. आता शिवऱ्याला हायवेलगत रफिकची चहाची टपरी आहे. मला सरांनी कायम केलं, आणि पुढं दोन वर्षं मी मुलांना भाकरी कशी निवडायची ते शिकवलं.

मी अजून त्या टपरीवर जातो. डोळ्याचं कुणी विचारलं की तो सांगतो, "आमच्या घरातच डोळं कच्चं." माझ्यासमोर सांगतो. मी मान खाली घालून चहा पितो.

त्याचा डोळा कच्चा नव्हता. धडधाकट होता. मी चकती सोडली तेव्हा तो माझ्याकडंच बघत होता.